न आलेली गाडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू दुसरं काहीतरी सांग. पण कॉम्प्युटरचं नको, जेवणानंतर लोकांना झोप येते." म्हणून मी आज एका गाडीबद्दल बोलणार आहे. ही गाडी मी जपानहून आणणार होते. सेकंडहँड. ती आली नाही. पण तिच्यामागे माझं दीड वर्ष गेलं, आणि त्यात जे कळलं ते आपल्या गारखेड्यापर्यंत, आपल्याच घरांपर्यंत येऊन पोचलं.

आधी कारण सांगते. २०२२ साली माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तुमच्यातले बरेच जण तिला ओळखतात, तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या तुम्हीच खाल्ल्यात. दवाखान्यातून घरी आली ती व्हीलचेअरवर. घरात जमून गेलं, पण गाडीत बसवणं जमेना. धाकटा भाऊ तिला उचलायचा, मी पाय धरायचे, अप्पा दार धरून उभे. एकदा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. त्यानंतर ती गजानन महाराजांच्या मंदिरात जायचं नाव काढेना. "गुरुवारी गर्दी असते," म्हणायची. घरापासून मंदिर दहा मिनिटांवर. गर्दीचं कारण नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. चार लोकांसमोर पोत्यासारखं उचलून घेणं तिला नको होतं.

पुढच्या वर्षी कंपनीने मला एका प्रोजेक्टसाठी सहा महिने नागोयाला पाठवलं. तिथे एका रविवारी इमारतीच्या खाली एक आजी गाडीतून उतरताना पाहिल्या. दार सरकलं, सीट आजींसकट बाहेरच्या बाजूला वळली, बाहेर आली आणि हळूहळू खाली, व्हीलचेअरच्या उंचीला येऊन थांबली. मुलाने नुसतं बटण दाबलं होतं. आजी मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. मी तिथेच उभी राहून बघत बसले. नंतर कळलं की जपानमध्ये ही काही नवलाची वस्तू नाही. मोठ्या कंपन्या अशा गाड्या स्वतःच बनवतात. टोयोटा त्यांना 'वेलकॅब' म्हणते. आणि तिथे इतके म्हातारे लोक आहेत की या गाड्या जुन्या बाजारातही भरपूर येतात.

आता जपानचा जुना बाजार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. तिथे 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असते, म्हणून पुष्कळ लोक तपासणीची वेळ आली की गाडी विकूनच टाकतात. या गाड्या लिलावात जातात. लिलावात तुम्ही-आम्ही हात वर करू शकत नाही, फक्त सभासद व्यापारी. बाहेरच्या माणसाला निर्यात करणारा एजंट गाठावा लागतो. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद असतो, आपल्या प्रगतिपुस्तकासारखा. एकूण दर्जा साडेचार, चार, साडेतीन असा आकड्यात. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीवर 'आर' असा शेरा. खाली गाडीचं चित्र आणि त्यावर खुणा: 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे पत्रा दुरुस्त केलाय. शेजारी एक ते चार आकडे, खूण लहान की मोठी ते सांगायला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला असा कागद म्हणजे पर्वणी! मी रात्र रात्र जागून चाळीस-पन्नास कागद वाचले. एक छोटी व्हॅन मनात भरली. पाच वर्षं जुनी, मागची डावी सीट खाली उतरणारी, दर्जा चार.

मग मी भारताचे नियम वाचायला घेतले. खरं तर हे आधी वाचायला हवं होतं. बाई, तुम्ही नेहमी सांगायचात, "आधी प्रश्न पूर्ण वाचा." नाही वाचला.

आपल्याकडे जुनी गाडी बाहेरून आणायला बंदी नाही. २००१ साली आयातीवरची संख्येची बंधनं उठली तेव्हापासून ती अटींवर आणता येते. स्टीअरिंग उजवीकडे हवं. जपानचं असतंच, ते लोकही आपल्यासारखेच डावीकडून चालवतात. स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, तोही असतो. हेडलाइटचा झोत डावीकडच्या वाहतुकीला साजेसा हवा, तोही असतो. मी एकेका अटीपुढे बरोबरची खूण करत चालले होते. गाडी फक्त मुंबई बंदरातच उतरेल. ठीक. आयातीनंतर पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची सर्व्हिस इथे होईल याची हमी हवी. इथे जरा अडखळले. मग तपासणी. ती करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय, मध्य प्रदेशातली बुधनीची संस्था आणि नगरची व्हीआरडीई. नगर वाचून मला हसू आलं. जपानच्या गाडीची परीक्षा आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर, जिथे लष्कराच्या गाड्यांची चाचणी होते तिथे!

आणि मग ती अट आली, जी यादीत खरं तर पहिलीच होती: गाडी बनवल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको.

माझी व्हॅन पाच वर्षांची. बरं, दुसरी बघू म्हटलं. पण मगाशी सांगितलेलं शाकेन आठवा. जपानी माणूस गाडी विकायला काढतो तो पहिल्या तपासणीच्या सुमाराला किंवा त्यानंतर, म्हणजे तीन वर्षांनी. आणि आपलं दार तीन वर्षांनी बंद होतं. मधे राहतात त्या थोड्याशा, जवळजवळ नव्या गाड्या, नव्याच्याच भावाच्या.

तरी मी हट्टाने हिशोब मांडला. आपल्या गणिताच्या सरांना आवडेल असा तो आहे. समजा गाडी, जहाजाचं भाडं आणि विमा धरून मुंबईपर्यंत सात लाख रुपये झाले. त्या वेळी जुन्या गाडीवर मूळ सीमाशुल्क १२५ टक्के होतं, म्हणजे पावणेनऊ लाख. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, साडेसत्याऐंशी हजार. बेरीज झाली सोळा लाख बासष्ट हजार पाचशे. सर, इथे मी तुमच्या आवाजात ऐकलं, "आता पुढचा शेकडा कशावर?" पुढचा शेकडा या सगळ्या बेरजेवर! २८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी चार लाख पासष्ट हजार पाचशे. सात लाखांचे झाले एकवीस लाख अठ्ठावीस हजार. वर उपकर, वर आरटीओचा कर. शिवाय कस्टम तुमची लिलावाची पावती मान्य करेलच असं नाही. नव्या गाडीची मूळ किंमत धरून त्यातून घसारा वजा करण्याची त्यांची पद्धत आहे, म्हणजे स्वस्तात मिळाल्याचा फायदाही गेला. २०२५च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १२५वरून ७० टक्क्यांवर आलं तेव्हा मला क्षणभर आनंद झाला होता. मग पुढची ओळ वाचली: साडेसदुसष्ट टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. जुनं १२५ अधिक साडेबारा आणि नवं ७० अधिक साडेसदुसष्ट, दोन्हींची बेरीज करून बघा. तीच येते.

दिव्यांग व्यक्तींसाठी आयातीच्या वाटेत वेगळी तरतूद असल्याचं मुंबईतल्या एका क्लिअरिंग एजंटने सांगितलं. पण शुल्क टळत नाही, असंही तोच म्हणाला. माझं गणित तिथे थांबलं. याच शहरातल्या लोकांनी ऑक्टोबर २०१०मध्ये एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतं? त्याच गावात माझ्या आईला बसता येईल अशी एक गाडी मिळेना, याचा मला फार राग आला.

त्या रागात मी ऑकलंडच्या मावसबहिणीला फोन केला. तिच्याकडे जपानची जुनी गाडी आहे, तिच्या शेजाऱ्यांकडेही आहे. न्यूझीलंडमध्ये ही अगदी रोजची गोष्ट. गाड्यांवर सीमाशुल्क नाही, १५ टक्के जीएसटी भरायचा, गाडीतून किडे-माती आली नाही ना ते तपासतात, सुरक्षेची तपासणी करून नंबर देतात. तिची एकच तक्रार होती. जपानचा एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, त्यामुळे तिथली निम्मी स्टेशनं रेडिओवर लागत नाहीत, आणि गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी आर्जवाने सांगते. "सात वर्षं झाली, ती काय म्हणते मला अजून माहीत नाही," बहीण म्हणाली.

हा सगळा तक्ता घेऊन मी अप्पांपुढे बसले. म्हटलं, "बघा, त्यांना जमतं, आपल्याला का नाही?" अप्पांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. मग विचारलं, "न्यूझीलंडात गाड्यांचे कारखाने किती?" मी शोधलं. एकही नाही. होते, पण शुल्क उठलं आणि शेवटचे १९९८मध्ये बंद झाले. अप्पा म्हणाले, "मग तेच तर. हे शुल्क नसतं तर आमच्या कंपनीला ऑर्डर कुणी दिली असती?"

मित्रांनो, इथे मला सूतगिरणी चौक आठवला. सकाळी सहाला पहिल्या पाळीची बस. खांद्याला डबा, निळा शर्ट. माझे अप्पा, तुझे बाबा, तुझे काका, सगळे त्याच रांगेत. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणारी शेकडो लहान युनिटं आली. अप्पा त्यातल्याच एकात होते. २००१ साली शेंद्र्याला स्कोडा आली. लक्षात घ्या, ज्या वर्षी जुन्या गाड्यांचं दार किलकिलं झालं, त्याच वर्षी. युरोपातून सुटे भाग आणून इथे गाडी जोडायला कमी शुल्क आणि आखी गाडी आणायला जबर शुल्क, म्हणून तर कंपन्या इथे आल्या. ज्या भिंतीला मी शिव्या घालत होते, तिच्या आडोशाला आपली घरं बांधली गेली. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून गेली.

पण मी अप्पांना तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते: ठीक आहे, पण मग आईनं घरातच बसायचं का? अप्पा गप्प राहिले. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही. शुल्काच्या तक्त्याला हौसेची गाडी आणि गरजेची सीट यातला फरक कळत नाही. भिंत राहू दे, पण भिंतीच्या आत जी वस्तू बनतच नाही, तिच्यापासून कुणाचं रक्षण करायचं?

वाट दाखवली ती आपल्याच वर्गातल्या एका मित्राने. तो इथेच बसलाय, नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. चिकलठाण्यात त्याचं वर्कशॉप आहे. मी म्हटलं, "तू बनव ना अशी सीट." त्याने सरळ नकार दिला. म्हणाला, "लोखंड वाकवून मी फिरती खुर्ची उद्या देतो. पण गाडी धडकली तर बोल्टवर आणि पट्ट्यावर किती भार येईल, हे मला तपासता येत नाही. काकू बसणार आहेत त्यात." मग म्हणाला, "पण तू आखी गाडी कशाला आणतेस? सीट आण." तयार, चाचणी झालेली फिरती सीट देशातच मिळते, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. इथलीच साधी गाडी घेतली, सीट बसवली, आरटीओत रीतसर बदलाची नोंद केली. ती जपानसारखी खाली उतरत नाही, फक्त बाहेर वळते. व्हीलचेअर जवळ घेऊन, मधे एक गुळगुळीत फळी ठेवून आई स्वतः सरकते. डाव्या हाताने दांडा धरते. कुणी उचलत नाही. नुकताच मारुतीने वॅगनआरसाठीही फिरत्या सीटचा पर्याय काढलाय, म्हणजे आता तुमच्यातल्या कुणाला इतकी शोधाशोध करावी लागणार नाही.

जाता जाता दोन गोष्टी. कुणी तुम्हाला म्हणालं की परदेशातली जुनी गाडी स्वस्तात देतो, कागदाचं मी बघतो, तर हात जोडा. भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी सप्टेंबर २०२५मध्ये केरळात कस्टमने धाडी टाकल्या, तेव्हा भल्याभल्यांच्या अंगणातल्या गाड्या जप्त झाल्या. कागद आधी वाचा, गाडीचा फोटो नंतर बघा. मी उलट केलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ३१ जुलै २०२४ला टोयोटाने राज्य सरकारशी आपल्या शहरातल्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला, सुमारे वीस हजार कोटींचा, बिडकीनला. म्हणजे जी गाडी मला तिथून आणता आली नाही, ती बनवणारेच इथे येतायत. आपल्या वर्गातले किमान सहाजण या उद्योगात आहेत, दोघं-तिघं तर मोठ्या जागेवर. माझी त्यांना एवढीच विनंती आहे. जमिनीचं, पाण्याचं, नोकऱ्यांचं बोलणं होईल तेव्हा कुणीतरी त्या सीटबद्दलही विचारा. 'वेलकॅब' इथे का नाही बनवणार, म्हणून विचारा. आपले आईवडील आता सत्तरीच्या पुढे आहेत. आणि आपणही काही दहावीत राहिलेलो नाही.

आई आज आली आहे. बाहेर कडुलिंबाखाली गाडीतच बसली आहे, सीट बाहेर वळवून. सकाळी येताना मंदिरात जाऊन आलो, आज गुरुवार नसला तरी. तिने डबा आणलाय. पोळ्या तिला आता लाटता येत नाहीत, या मी केल्यात, तेव्हा चवीबद्दल तिला काही बोलू नका. पण जाऊन भेटा.