डबा पारखून घेऊ या



डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय उभे केले, त्या लातुरात बोलताना रुग्णाच्या खिशाचा विचार आधी येतो. म्हणून आज मी कॅन्सरच्या पेशंटच्या उशाशी दिसणाऱ्या पूरक आहाराच्या डब्यांविषयी बोलणार आहे.

आडतीवर सोयाबीन घालून आलेला पैसा केमोच्या आधीच पावडरी, रस आणि कॅप्सूलमध्ये गेलेला मी पाहिला आहे. घरचे माणूस डोळ्यांदेखत वाळत असताना हातावर हात ठेवून कोण बसेल? दोष त्या घरांचा नाही. डबा पारखायचा कसा, हे आपण डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि परिचारिकांनीच त्यांना सांगितलेले नाही.

पारख म्हणजे काय, हे आपल्याच मातीने जगाला दाखवले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात सामील झाल्या. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक त्यात होते. २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप चाचणी आणि व्हिनेगर लावून केलेली पाहणी, या दोन गटांत मात्र तशी ठळक घट दिसली नाही. तर्काला तिन्ही पद्धती पटत होत्या. जीव कोणती वाचवते, हे मोजल्यावरच कळले.

पूरकांच्या बाबतीतही हेच दिसले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनची गोळी ज्यांनी घेतली, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला, असे १९९४ साली जाहीर झाले. गाजर खाणे वेगळे आणि त्यातला एक घटक वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत गिळणे वेगळे.

म्हणून प्रत्येक डब्याला चार प्रश्न विचारा. हे माणसांवर तपासले आहे, की फक्त उंदरांवर? मोजले काय: वजन, ताकद, आयुष्य, की नुसतीच ‘प्रतिकारशक्ती’? चालू औषधांशी आणि शरीराशी याचे जमते का? ग्रीन टीमधला एक घटक बॉर्टेझोमिब या कॅन्सरवरील औषधाचा परिणाम मारतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आणि चौथा प्रश्न: एका ग्रॅम प्रथिनाला किती रुपये पडतात?

कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत वीसहून अधिक, सोयाबीनमध्ये पस्तीसहून अधिक ग्रॅम प्रथिने असतात. ज्याला जेवण जाते, त्याच्यासाठी घट्ट वरण, अंडी, दूध, शेंगदाण्याचा कूट आधी. तोंडात फोड आले, घास उतरेना, नळी घालावी लागली, तर तयार पूरक आहार जरूर द्या. पण मात्रा आणि मुदत लिहूनच द्या.

कायदा आपल्या बाजूने आहे. पावडरी-कॅप्सूलसारख्या आरोग्यपूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावेच लागते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे पेशंटच्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक भेटीत वजन घ्या, केसपेपरवर लिहा. ‘आणखी काय घेता?’ असे न रागावता विचारा. रागावलात, तर डबा पिशवीतच राहील आणि आपल्याला कळणारही नाही.

आपल्या गावांतल्या बायाबापड्यांनी तपासून घेतले, म्हणून जगाला एक पुरावा मिळाला. त्यांच्याच घरात न पारखलेला डबा आपल्या सहीने जाऊ देऊ नका.