पुस्तकबाजार, कट्टा आणि निवारा

रविवारी हैदराबादच्या आबिड्स भागातल्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालयही तिथून फार दूर नाही. निवृत्त वाचनवेड्याला आणखी काय हवं?

हवी असतात बोलायला माणसं. त्यांच्याच ओढीनं काही जण ज्येष्ठांच्या निवासाकडे वळतात.

पुण्याच्या नवी पेठेतल्या ‘निवारा’ संस्थेची सुरुवात १८६३ची, डेव्हिड ससून यांच्या दानातून. निराधार, अपंगांसाठीचं ते आश्रयस्थान पुढे ज्येष्ठांचं घर झालं. तिथल्या सभागृहात शहरातले कार्यक्रम होतात, म्हणजे गावच अंगणात येतं!

‘अथश्री’सारखी ज्येष्ठांसाठी बांधलेली निवासी संकुलं मात्र वेगळी. इथे येणारे निराधार नसतात; बरेचसे स्वतःहून, हिशेब करून येतात. न्हाणीघरात आधाराचे दांडे, मदतीसाठी घंटा, जेवणाची सोय. जाहिरातीत हेच दिसतं. आठवणीत राहतो तो संध्याकाळचा कट्टा: गुडघेदुखीपासून राजकारणापर्यंत सगळं, आणि मध्येच कुणाच्या तरी नातवाचा अमेरिकेहून फोन.

सगळ्यांना हे परवडत नाही, हेही खरं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरजू ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते.