शाळेतले नाटक आणि आपली मुले

(रिसोड येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची सूचना आहे. परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी या विषयांवर आपल्या मेळाव्यांतून नेहमी बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे. आज मात्र आम्ही शाळेतल्या नाटकाविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु चार माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा पहिला प्रसंग आपल्या पुष्कळ मुलांना शाळेच्या गॅदरिंगमध्येच मिळतो, आणि तिथे त्याच्या वाट्याला काय येते हे त्याच्या लक्षात कायमचे राहते.

नाटक ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्या काळी अजिंठ्याच्या भिंतींवर बुद्धचरित्र आणि जातककथा रंगविल्या गेल्या, त्या पाहून माणसाला धम्म कळावा म्हणूनच. पुढे 1855 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भटजीने ग्रहदशेची भीती घालून नाडलेले शेतकरी जोडपे शेवटी शाळेत जायचे ठरवते, असे ते नाटक आहे. 1930 नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक 1955 साली विद्यार्थ्यांनी केले आणि ते स्वतः बाबासाहेबांनी पाहिले. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगी त्याचा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांच्या नाटकाला बाबासाहेबांनी वेळ दिला, ही गोष्ट आपण पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता शाळेकडे वळू. आम्ही अनेक शाळांची संमेलने पाहिली आहेत. नाटकात कोणाला कोणते काम मिळते, इकडे आमचे लक्ष असते. राजा, सेनापती, न्यायाधीश ही कामे ठरावीक घरच्या मुलांकडे जातात. वस्तीवरचे पोर भाला धरून मागे उभे असते. कोणी मुद्दाम करते असे आम्ही म्हणत नाही. ज्याची भाषा पुस्तकी, ज्याचे कपडे चांगले, त्याला पुढे काढण्याची सवय पडलेली असते. आपल्या मुलाला पुढचे काम मिळते ते एकाच नाटकात, बाबासाहेबांच्या.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि पुष्कळ शाळांत त्या दिवशी छोटे नाटक होते. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसलेला भिवा, आणि शिपाई हजर नसला तर तहानेने व्याकूळ होणारा भिवा. शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत भिवाचे काम दरवर्षी बौद्ध मुलालाच दिले जाई. कारण विचारले तेव्हा ‘तो त्यांच्यातलाच आहे ना’ असे उत्तर मिळाले. म्हणजे नाटकातही गोणपाटावर बसायचे आपल्याच पोराने, आणि वर्गाने त्याच्याकडे पाहायचे!

आमचे म्हणणे असे की भिवाचे काम इतर मुलांनीही करावे. पाटलाच्या, व्यापाऱ्याच्या, गुरुजींच्या मुलाने पाच मिनिटे त्या गोणपाटावर बसून पाहावे, आणि आपल्या मुलाने त्या वेळी शिक्षकाचे काम करावे. शंभर भाषणांनी जे समजत नाही ते त्या पाच मिनिटांत समजेल. शाळेत जाऊन शिक्षकांना हे नम्रपणे सुचविणे आपले काम आहे. भांडण करायचे कारण नाही. चांगल्या शिक्षकाला ही गोष्ट पटते.

दुसरी गोष्ट नाटकाच्या विषयाची. भगवान बुद्धांवर नाटक म्हटले की म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी एवढेच रंगमंचावर येते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे हे कारण मान्य केलेले नाही. त्यांनी सांगितलेला प्रसंग रोहिणी नदीच्या पाण्याचा आहे. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती त्या एकाच नदीवर. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली. सेनापतीने संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे शाक्यांची, दोन कोलीयांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला तेव्हा आदल्या दिवशी त्याच्या बाजूने असलेलेही गप्प बसले. सिद्धार्थ एकटा उभा राहिला. सैन्यात ये, नाही तर फाशी किंवा देशत्याग पत्कर, नाही तर कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्ती सोस, असे त्याला सांगण्यात आले. घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने देश सोडणे पत्करले.

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या, कोरडवाहू शिवारातल्या आपल्या मुलांना पाण्याचे भांडण समजावून सांगावे लागेल काय? बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलेले आहे. आणि सगळे एका बाजूला असताना एकट्याने ‘नाही’ म्हणायला किती धैर्य लागते, हे ते काम करणाऱ्या मुलाला आतून कळेल. हे नाटक संविधान दिनी, 26 नोव्हेंबरला करता येईल. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्षुसंघांना ठराव, गणपूर्ती आणि गुप्त मतदान यांचे नियम माहीत होते. सभा कशी चालते, हे मुले या नाटकातून शिकतील.

या नाटकाला खर्चही नाही. पांढरे कपडे, एक सतरंजी आणि सर्व वर्ग म्हणजे संघ. तीस-चाळीस मुलांना त्यात काम आहे. सेनापतीला दुष्ट दाखवू नये. कोलीयांनी आगळीक केली आहे, आपली पिके वाळत आहेत, हे त्याचे म्हणणेही जोरात मांडले जावे, म्हणजे सिद्धार्थाच्या म्हणण्याला वजन येते. कामे आळीपाळीने द्यावीत. मुलीनेही सिद्धार्थ व्हावे, सेनापती व्हावे. मुलांना आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलू द्यावे. पाठ केलेली पुस्तकी वाक्ये भीतीने विसरतात, घरची भाषा विसरत नाही.

काही उपासकांना शंका येते की बुद्धांचे सोंग घेणे योग्य आहे काय? या प्रसंगातला सिद्धार्थ अजून बुद्ध झालेला नाही, तो संघाचा एक तरुण सभासद आहे. पुढचा भाग दाखवायचा असेल तर सांचीच्या शिल्पकारांनी केले तसे रिकामे आसन आणि बोधिवृक्ष पुरेसा आहे.

दुसरी अडचण खरी आहे. बुद्ध पौर्णिमेला शाळेला सुट्टी असते, 14 एप्रिलच्या सुमारास परीक्षा असतात. नोव्हेंबरच्या तालमी सुरू होतात तेव्हा सोयाबीनच्या सोंगणीला घरात प्रत्येक हात हवा असतो, आणि दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. ज्या पोराने काम पाठ केलेले असते तेच प्रयोगाच्या दिवशी गावात नसते. म्हणून प्रत्येक काम दोघा-दोघांना शिकवावे, आणि शक्य त्या पालकांनी पोराला तेवढे आठ दिवस आजी-आजोबांपाशी ठेवावे. संस्थेच्या तरुण सभासदांनी संध्याकाळी विहारात तालीम घ्यावी. ज्याला वाचता येत नाही असे मूल स्वतःचे वाक्य वाचता यावे म्हणून वाचायला शिकते, हा आमचा अनुभव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला भाला धरायचे काम मिळाले तर तेही नीट करा. पण पुढच्या वेळी हात वर करून सांगा, ‘गुरुजी, मला बोलायचे काम द्या.’ एवढे वाक्य तुम्ही धीटपणे म्हटलेत तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!