नळाला आलेला शॉक आणि न जुळलेला हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणावरून)



मी इंजिनिअर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. तरी मला विजेवर बोलायला उभे केले आहे, कारण आमच्या घरी झालेला प्रकार निम्म्या सोसायटीला तुकड्यातुकड्याने कळला आहे. तो एकदा सगळा सांगून टाकतो. चूक माझी होती, हेही आधीच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात सौ. आंघोळीला गेली आणि नळाला हात लावताच ओरडली. नुसत्या मुंग्या नव्हेत, चांगला दणका बसला होता. हात झटकला गेला म्हणून निभावले. तिच्यानंतर नातू जायचा होता.

मी धावत जाऊन मेन बंद केला. त्या दिवशी मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट. एरवी वॉचमनच्या ओळखीचा एक मुलगा आमच्याकडे यायचा, बोलावले की दहा मिनिटांत हजर. या वेळी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी बाजारातले एक जुने वायरमन सुचवले. ते चार तासांनी आले. आल्यावर पक्कड काढली नाही, आधी प्रश्न विचारले. गीझर किती जुना? इन्व्हर्टर कधी बसवला? ईएलसीबी शेवटचा कधी पडला होता? मी जरा अभिमानानेच म्हटले, "दोन वर्षांत एकदाही नाही." त्यांनी बोर्ड उघडून पाहिला. "काका, तो पडणारच नाही. डायरेक्ट केलाय."

मग मला आठवले. इन्व्हर्टर बसवल्यापासून तो सारखा पडायचा. एकदा ऐन क्रिकेटच्या मॅचमध्ये पडला, तेव्हा मीच त्या मुलाला म्हटले होते, "ही कटकट काढून टाक बाबा." त्याने पाच मिनिटांत काढली. मी वर चहापाण्याला पैसे दिले.

आता ही कटकट म्हणजे काय, ते मला बँकेच्या भाषेत समजले. ईएलसीबी, म्हणजे हल्ली जे मिळते त्याला आरसीसीबी म्हणतात, तो दिवसभर कॅश टॅली करत बसलेला कॅशियर आहे. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. फरक पडला, तर तो करंट दुसऱ्या कुठल्या वाटेने चालला आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून जमिनीत. घरगुती आरसीसीबीला हा फरक ३० मिलिअँपियरपर्यंत जाण्याआधीच पुरवठा तोडावा लागतो. एमसीबीचे काम वेगळे. तो लोड वाढला किंवा शॉर्ट झाले की पडतो. तुम्हाला शॉक बसतोय हे त्याला कळतही नाही. "आमच्याकडे सगळे एमसीबी नवे आहेत" म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

आमच्याकडे तो उगाच पडत नव्हता. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांची फेज ईएलसीबीच्या अलीकडून घेतली होती आणि न्यूट्रल पलीकडच्या पट्टीला जोडला होता. जावक एका खात्यात आणि आवक दुसऱ्या! टॅली होणार कशी? वायरमननी अर्ध्या तासात ते सरळ केले. त्या मुलाने फरक शोधला नाही, कॅशियरलाच घरी पाठवले. आणि सही माझी होती.

गीझरचे एलिमेंट आतून फुटले होते, त्यामुळे वीज पाण्यात आणि टाकीला उतरली. तरी अर्थिंग धड असते तर ती बरीचशी तिकडून निघून गेली असती. पण सॉकेटच्या मागे हिरवी वायर नुसती लोंबत होती. थ्री-पिन टॉपची तिसरी जाड पिन म्हणजे शोभा नव्हे, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

आपली इमारत पंचवीस वर्षांची. वायरिंग झाले तेव्हा घरात फ्रिज, टीव्ही, मिक्सर. आज प्रत्येक खोलीत एसी, शिवाय इंडक्शन, मायक्रोवेव्ह. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास घेतो. तो ६ अँपियरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर लावून चालवणारी घरे आपल्याच विंगमध्ये आहेत. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणे म्हणजे तारण तेवढेच ठेवून कर्जाची मर्यादा दुप्पट करणे. वायर तीच जुनी, ती भिंतीत तापत राहते. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो एकदा आपल्या उपकरणांशी ताडून पाहा. तो वाढवायचा तर महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

माणूस कसा निवडावा, असे बरेच जण विचारतात. परवाना विचारा. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वीजतंत्री, तारतंत्री असे सुंदर शब्द असतात, पण सर्टिफिकेट वेगळे आणि शासनाचा परवाना वेगळा. विचारताना संकोच नको. आपण खाते उघडताना लोकांकडून काय काय मागायचो! काम सुरू करण्यापूर्वी तो मेन बंद करतो का, आणि नुसत्या टेस्टरवर न विसंबता टेस्ट लॅम्पने खात्री करतो का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. वायर किती स्क्वेअर एमएमची, आयएसआय आहे का, हे बिलावर लिहून घ्या. आमच्या वायरमननी सामानाचे पैसे वेगळे आणि तपासणीचे वेगळे लावले. मी सवयीने घासाघीस केली. सामानाचे पैसे सुटतात, अकलेचे द्यायला जीवावर येते. सौ.ने आतून डोळे वटारले, तेव्हा दिले.

मीटर रूमबद्दल एवढेच, की तिथल्या जुन्या सायकली आणि रद्दी ज्यांची असेल त्यांनी उचलावी. कमिटीने तीनदा नोटीस लावली आहे.

ईएलसीबीवर 'टी' लिहिलेले एक बारीक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. पडला तर ठीक, पुन्हा वर करा. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. मात्र ते बटण अर्थिंग तपासत नाही, ते वेगळे तपासून घ्यावे लागते. आमच्या मजल्यावर गेल्या रविवारी चार घरांत दाबून पाहिले, एका घरात पडला नाही. दाबण्यापूर्वी कॉम्प्युटरवर कुणाचे काम चालू नाही ना, तेवढे बघा. आणि त्याने लिफ्ट बंद पडत नाही, हे मला कालच दोघांनी विचारले म्हणून सांगतो.