गुरुत्वीय लहरींचा सूर

श्रोतेहो, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतील 'लायगो' प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी पत्रकार परिषदेत जगाला एक आवाज ऐकवला. खालून झरकन वर चढणारा, पाखराने एकदाच चिवकावे तसा. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तो संपलाही. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप झाली, त्याचा हा आवाज, असे सांगण्यात आले. पण हवेशिवाय ध्वनी नाही, हे तर आपण शाळेतच शिकलो. मग हा आवाज आला कुठून?

खरे म्हणजे तिकडून आवाज आलाच नव्हता. ध्वनी हवेतून येतो. गुरुत्वीय लहरीत खुद्द अवकाशच ताणले जाते आणि आकसते. लायगोच्या दोन्ही यंत्रांना काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे बाहू आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. लेसर किरणांनी तो टिपला. आपल्या कानांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

मग ती ऐकण्याची भाषा फसवी का? मला तसे वाटत नाही. ही थरथर सेकंदाला सुमारे ३५ कंपनांपासून २५० पर्यंत चढत गेली. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० कंपने ऐकतो. म्हणजे नोंद ध्वनिवर्धकाला जोडायचीच काय ती खोटी! छोट्या ध्वनिवर्धकावर खालचे सूर उमटत नाहीत, म्हणून थोडी वर सरकवलेली नोंदही ऐकवली गेली, एवढेच. आणि श्रोतेहो, आत्ता माझा आवाज तरी तुमच्यापर्यंत ध्वनी म्हणून कुठे आला आहे? तो आला रेडिओ लहरींवरून. तुमच्या संचाने तो पुन्हा घडवला. तरी मला ऐकले, असेच तुम्ही म्हणाल.

मात्र याला संगीत म्हणता येणार नाही. इथे एकही स्वर ठरत नाही. जवळजवळ तीन सप्तकांची एकच धावती मींड आहे. पण तिच्यात अर्थ आहे. तंबोऱ्याची जाड तार खर्जात बोलते, तसेच जड कृष्णविवरांचे मीलन खालच्या सुरात संपते. २०१५ ची जोडी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची होती. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याहून कितीतरी हलके दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले. त्यांची हाक सुमारे १०० सेकंद लांबली आणि अधिक उंच चढली. सुरावरून वजन कळते, ते असे.

जत्रेच्या गोंगाटातही ओळखीची चाल कानाला सापडते. गोंगाटात दडलेली ही चाल आधी गणिताने बांधून मग शोधायची, या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ पासूनचे काम मोलाचे आहे.

अर्थात, सगळ्याच लहरी कानाजोग्या नसतात. जून २०२३ मध्ये ज्यांचे पुरावे जाहीर झाले, त्या लहरींच्या एका कंपनाला काही वर्षे लागतात. त्या शोधात आपल्या खोडदच्या 'जीएमआरटी' दुर्बिणीचाही वाटा होता. तिथे कानाने हात जोडावेत!

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते सुरू होईल तेव्हा विश्वाच्या या हाकेची दिशा अधिक नेमकी कळेल. एका कानाने ऐकू येते, पण आवाज कुठून आला हे कळायला जास्त कान लागतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)