झोपेचे घरगुती मोजमाप

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा झोपेत जातो; परंतु आपल्या झोपेचा साक्षी तो स्वतः कधीच होऊ शकत नाही. म्हणूनच रात्रीचा हिशेब ठेवणारे मनगटी घड्याळ आज ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील घरांत शिरले आहे, यात नवल नाही. १८५३ साली आगगाडी ठाण्यास आली व १८५४ साली कल्याणास पोहोचली. तिच्याच आधाराने ही नगरे वाढली. मुंबईस नोकरी आणि डोंबिवलीस बिऱ्हाड असा ज्याचा संसार, त्याच्या प्रवासाचे तास बहुधा झोपेतूनच वजा होतात.

आता हे यंत्र करते काय? खरे पाहता ते झोप मोजीतच नाही. हाताची हालचाल, नाडीची गती आणि त्वचेवर टाकलेल्या प्रकाशाच्या साह्याने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण एवढे टिपून ते झोपेचा अदमास बांधते. निद्रेच्या अवस्था निश्चित होतात त्या मुख्यतः मेंदूतील विद्युल्लहरींवरून. मानवी मेंदूच्या या लहरींचा आलेख जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला. मनगटास त्या लहरींचा पत्ता नसतो. त्यामुळे अंथरुणात निश्चल पडून चिंता करणारा मनुष्यही घड्याळाच्या लेखी निद्रिस्त ठरू शकतो.

मग हे मोजमाप व्यर्थ म्हणावे काय? तसेही नाही. मोठ्याने घोरणे ही गाढ झोपेची खूण, असा आपल्याकडे समज आहे. पण पुष्कळदा घोरणाऱ्याचा श्वास रात्रीतून अनेक वेळा दहा सेकंद किंवा अधिक काळ अडतो, प्राणवायू घटतो, आणि त्याला स्वतःला काहीच कळत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली व त्यांतील २५० जणांची झोप त्यांच्या घरीच तपासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार शेकडा १९.५ पुरुषांत निद्राकालीन श्वासाचा बिघाड आढळला, शेकडा ७.५ जणांस त्यासोबत दिवसा गुंगीही येत होती. या विकाराचा रक्तदाबाशी व हृदयरोगाशी संबंध आहे. २०२४ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने काही घड्याळांतील या विकाराची सूचना देणाऱ्या सोयीस मान्यता दिली. तथापि सूचना म्हणजे निदान नव्हे.

तेव्हा एका रात्रीच्या आकड्याने घाबरू नये. कित्येक आठवड्यांचा कल पाहावा. घोरणे, सकाळची डोकेदुखी किंवा दिवसा अनावर पेंग असेल, तर घड्याळ काहीही सांगो, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. उलटपक्षी, आकड्यांच्या ध्यासानेच झोप उडालेले रुग्ण अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली नोंदविले आहेत. ज्याची पहाटेची गाडी ठरलेली आहे, त्याला घड्याळ फार तर झोपेची तूट दाखवील. ती भरून काढण्यासाठी रात्री दिवा लवकर मालविणे मात्र त्याच्याच हाती आहे.