गाणं अडत नाही, वाट अडवतात

मी वक्ता नाही. गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. मॅट्रिकच्या पुढं शाळा नाही. तेव्हा जडजड शब्दांची वाट बघू नका. आज मला पॉल रोबसनबद्दल बोलायचंय.

हा अमेरिकेतला काळा गायक आणि नट. जन्म १८९८. बाप गुलामीतून पळालेला. पोरगा वकिलीची पदवी घेऊन बाहेर पडला, पण आवाज असा की थिएटर हलायचं. १९४३ साली ब्रॉडवेवर त्याचा 'ऑथेल्लो' लागला, २९६ प्रयोग झाले. 'ओल्ड मॅन रिव्हर' या गाण्यानं तो जगभर पोचला. ते गाणं कुणाचं? मिसिसिपीकाठी ओझी वाहणाऱ्या काळ्या हमालाचं. म्हंजे आपल्याच धंद्यातल्या माणसाचं. पण लिहिलेलं गोऱ्यानं. त्यातला हमाल थकलेला, नशिबापुढं मान टाकलेला. रोबसननं पुढं शब्दच बदलले. त्याचा हमाल रडायचा थांबला आणि लढायला उभा राहिला.

इथंच दुखणं सुरू झालं. रडणारा काळा व्यवस्थेला चालतो, तिकीट काढून बघतात त्याला. लढणारा झाला की त्याची फाईल उघडते. एफबीआयनं ती १९४१ साली उघडली. फोन ऐकले, पत्रं उघडली, सभांत माणसं पेरली. फाईल हजारो पानांची झाली. एवढ्या बारकाईनं त्याला कुण्या समीक्षकानंही ऐकलं नसेल!

१९४९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला त्याचा कार्यक्रम होता. जमावानं लोकांना झोडपलं, कार्यक्रम उधळला. आठवड्याभरानं, ४ सप्टेंबरला, तो परत तिथंच गायला. युनियनची माणसं खांद्याला खांदा लावून कडं करून उभी होती. परतीच्या वाटेवर बसगाड्यांवर दगड पडले, शंभरावर माणसं जखमी झाली. पोलीस होते. बघत होते.

त्याच वर्षी संसदेच्या चौकशी समितीनं त्याच्याविरुद्ध बोलायला कुणाला बोलावलं? जॅकी रॉबिन्सनला. काळ्यांचा लाडका बेसबॉलपटू. आपल्याच माणसाच्या तोंडून आपल्या माणसाला खोटं पाडायचं, ही युक्ती तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

१९५० साली सरकारनं पासपोर्ट काढून घेतला. कारण? परदेशात जाऊन हा काळ्यांच्या हालांबद्दल बोलतो, आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी झटतो. कोर्टात सरकारी वकिलांनीच हे मांडलं. कम्युनिस्ट नाही असं लिहून दे, मग बघू, म्हणाले. त्यानं सही केली नाही.

आता नीट ऐका. रोबसननं गाऊ नये असा कायदा कुणीच केला नव्हता. गा की! फक्त हॉल मिळणार नाही. दुकानात रेकॉर्ड मिळणार नाही. एनबीसीनं त्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम रद्द केला. वर्षाला लाखभर डॉलर कमावणारा माणूस पाच वर्षांत सहा हजारांच्या आसपास आला. गळा मोकळा ठेवला आणि गळ्यापासून कानापर्यंतची वाट तेवढी बंद केली. याला सेन्सॉर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

ती वाट कुणी उघडली? कामगारांनी. १९५२ साली कॅनडातल्या खाणकामगारांनी त्याला बोलावलं. तिकडं जायला पासपोर्ट लागतही नव्हता, तरी सरहद्दीवर अडवला. मग तो टेलिफोनवरून गायला. मे महिन्यात पीस आर्चला, अगदी सरहद्दीच्या कडेला, उघड्या ट्रकवर उभा राहून गायला. पलीकडं कॅनडात हजारो माणसं उभी. १९५७ साली वेल्सच्या खाणकामगारांनी समुद्राखालच्या तारेतून त्याला ऐकलं. सरकारला माणूस अडवता आला, आवाज नाही.

१९५८ साली त्याची साठी आपल्याकडंही साजरी झाली. समितीचे अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला. अमेरिकी वकिलातीनं खूप दडपण आणलं. उपयोग झाला नाही. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एकाच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, निकाल दिला : विचारांसाठी पासपोर्ट अडवता येत नाही. रोबसनला पासपोर्ट मिळाला.

पण आठ वर्षं गेली ती गेलीच. पुढं तब्येत ढासळली, मन खचलं. शेवटची वर्षं लोकांपासून लांब काढली. १९७६ साली गेला. विजयाची गोष्ट म्हणून ही सांगू नका.

आणि त्याचा देवही करू नका. रशियात त्याला माणूस म्हणून मान मिळाला. स्टालिनच्या जुलमावर मात्र तो जाहीरपणे बोलला नाही. ही त्याची चूक. पण त्या चुकीसाठी त्याला डांबलं नव्हतं. तो स्वतःच्या देशाबद्दल जे खरं बोलला, त्यासाठी डांबलं. चुकणाऱ्या माणसालाही बोलायचा हक्क असतो. नाहीतर तो हक्क कुणालाच उरत नाही.

दोस्तहो, आपल्यातही गाणारे आहेत, लिहिणारे आहेत. त्यांना टाळ्या खूप मिळतात. टाळ्यांनी वाट उघडत नाही. पीकस्किलला खांदे लागले, पीस आर्चला ट्रक लागला. आपल्याकडं दोन्ही आहेत. उद्या हॉलवाल्यानं नाही म्हटलं तर ट्रक कुणाचा आणायचा आणि कड्यात कोण उभं राहायचं, एवढं आज उठायच्या आधी ठरवा.